खुले पत्र: छातीतल्या यंत्राची पुढची दहा वर्षं कुणी बघायची?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पेसमेकर (मंद हृदयाला ठोके देणारं यंत्र) आणि आयसीडी (हृदयाची जीवघेणी लय आतून शॉक देऊन मोडणारं यंत्र) बसवलेल्या रुग्णांची नियमित तपासणी जिल्हा रुग्णालयांत सुरू करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅथलॅबमध्ये (शिरेतून नळी घालून हृदयाचे उपचार करतात त्या खोलीत) आणि तिथल्या पेसमेकर ओपीडीत तंत्रज्ञ म्हणून झाली. आता निवृत्त आहे. पेसमेकर बसवताना डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून लीडचा, म्हणजे हृदयात नेलेल्या तारेचा, थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारी कमीत कमी ताकद) मोजायचा, आणि पुढे तोच रुग्ण तपासणीला आला की यंत्र नीट चालतंय का, बॅटरी किती उरली हे बघायचं, अशी माझी दोन कामं. पहिल्या कामासाठी आपल्या राज्याने बरंच केलं आहे. दुसऱ्या कामाची व्यवस्था मात्र रुग्णाच्या नशिबावर आणि कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर सोडलेली आहे. हे पत्र त्या दुसऱ्या कामासाठी आहे.

जे झालं त्याबद्दल आधी मनापासून आभार मानते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये राज्याने विमा संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेलं आणि रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्या कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय केला. योजना येण्याआधीचे दिवस मी पाहिलेत. पेसमेकर सांगितला की गावात वर्गणी, सासूची बोरमाळ, ट्रस्टच्या कार्यालयाबाहेर अर्ज घेऊन बसलेला मुलगा. तोवर रुग्ण हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात मांडीतून घातलेल्या तात्पुरत्या पेसमेकरवर पडून असायचा. पाय हलवायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. आज तसं क्वचित घडतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मोठी म्हणूनच पुढचं अर्धं काम अर्धवट राहिलेलं जास्त टोचतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा बारीकसा पुंजका असतो. तिथून मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा संदेश निघतो, मधल्या एव्ही नोडमधून खाली उतरतो आणि खालचे कप्पे आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. वय झालं की पुष्कळदा ही वाट झिजते. कधी ती पूर्ण बंद पडते, त्याला आम्ही कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतो. वरचे कप्पे आपल्या गतीने ८० वेळा चालतात आणि खालचे स्वतःच्या बळावर कसेबसे ३५ वेळा. माणूस चालता चालता थांबतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी धाडकन पडतो. गावाकडे याला फिट समजतात, अशक्तपणा समजतात, सलाइन लावून घरी पाठवतात. साधा ईसीजी काढला तर निदान दोन मिनिटांत होतं. आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार आहे असंही नाही. तिशी-चाळिशीतला रुग्ण ब्लॉक घेऊन येतो तेव्हा सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) किंवा हृदयाचा क्षयरोग शोधावा लागतो, काही मुलं तर ब्लॉक घेऊनच जन्माला येतात.

उपाय म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेलं वीस ते तीस ग्रॅम वजनाचं यंत्र आणि शिरेतून हृदयात नेलेली एक किंवा दोन लीड. जागा बधिर करून, साधारण तासा-दीड तासात हे होतं. काल स्ट्रेचरवर आलेले आजोबा परवा वॉर्डात फेऱ्या मारताना दिसतात. इतक्या लवकर आणि इतका उघड गुण देणारे उपचार वैद्यकात फार नाहीत.

पण हे यंत्र बसवल्याने काम संपत नाही, हे जगाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग या शल्यविशारदांनी रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला तो जगातला पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला. दुसरा बसवला. मग तिसरा. लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले. त्या ४३ वर्षांत लार्सन यांच्या शरीरात वीसहून अधिक यंत्रं बसली. लार्सन जगले ते शस्त्रक्रियेमुळे, आणि त्यानंतर सतत कुणीतरी त्यांच्या यंत्राकडे बघत राहिल्यामुळे.

आपल्याकडे काय होतं? डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, सगळं इंग्रजीत. पाठीमागे कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन नंबर पेनने लिहिलेला. तपासणीसाठी लागणारं प्रोग्रॅमर नावाचं उपकरण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि एका कंपनीच्या प्रोग्रॅमरला दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचता येत नाही. बहुतेक ठिकाणी हा प्रोग्रॅमर रुग्णालयाच्या कपाटात नसतो, तो प्रतिनिधीच्या बॅगेत असतो. ही मुलं कष्टाळू आहेत, मी त्यांच्याबरोबर रात्री-बेरात्री काम केलंय. पण तीन-चार वर्षांत नोकरी बदलते, नंबर बदलतो, आणि कार्डावरचा नंबर उचलणारा कुणी उरत नाही.

तपासणीत नेमकं काय होतं, हे प्रशासनातल्या अधिकाऱ्यांना एकदा दाखवायला हवं, कारण यात सरकारचाही पैसा अडकलेला आहे. लीडचं टोक हृदयाच्या स्नायूला टेकतं तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तिथे सूज असते आणि हृदयाला ठोका द्यायला जास्त ताकद लागते. म्हणून बसवताना आम्ही यंत्राचा आउटपुट, म्हणजे ठोक्याची ताकद, मुद्दाम वाढवून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरली की थ्रेशोल्ड पुन्हा मोजून, त्याच्या साधारण दुप्पट व्होल्टेज ठेवून बाकीचं कमी करायचं असतं. काही नवी यंत्रं हे स्वतःच करतात, सगळी करत नाहीत. रुग्ण तपासणीला आलाच नाही तर यंत्र वर्षानुवर्षं जास्तीच्या ताकदीने ठोके देत राहतं आणि जी बॅटरी दहा-बारा वर्षं पुरली असती ती सहा-सात वर्षांत संपायला लागते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा नवं यंत्र, पुन्हा योजनेतून पैसे, आणि उघडलेल्या पॉकेटमध्ये (यंत्राच्या कातडीखालच्या जागेत) जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. पंधरा मिनिटांची एक तपासणी झाली नाही, एवढ्यावरून.

शिवाय तपासणीत बाकीचंही कळतं. लीडमध्ये बारीक चीर पडली का, रुग्णाचे स्वतःचे ठोके यंत्राला दिसतायत का, मधल्या काळात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, होऊन गेलं का. या शेवटच्याकडे तर विशेष लक्ष हवं. रुग्णाला काहीच जाणवत नाही, पण यंत्राच्या नोंदीत सापडतं, आणि वेळेत रक्त पातळ करण्याचं औषध सुरू केलं तर पक्षाघात टळू शकतो.

पेसमेकर एका दिवसात अचानक बंद पडत नाही. बॅटरी विशिष्ट पातळीच्या खाली गेली की यंत्र बदलायची वेळ झाल्याची खूण देतं आणि त्यानंतर साधारण तीन महिने चालेल इतकी सोय आत ठेवलेली असते. ती खूण बघणारं कुणीतरी हवं, इतकंच. आमच्याकडे एका शेतकरी आजोबांना पहाटे रिक्षातून आणलं होतं. मोटर बंद करायला विहिरीवर गेले आणि तिथेच पडले. नाडी ३०. छातीवर जुना व्रण. बसवल्यापासून एकदाही तपासणी झालेली नव्हती. त्यांच्या सूनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “एकदा बसवलं की मरेपर्यंत चालतं असं वाटलं आम्हाला. बॅटरी असते हे कुणी बोललंच नाही.” त्या बाईंच्या बोलण्यात तक्रारही नव्हती. आजोबा वाचले, कारण त्या दिवशी लॅब मोकळी होती आणि रस्ता कोरडा होता.

आता अंतराचा विचार करा. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर. भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला त्याच्याही आधी गडचिरोली गाठावं लागतं. धडगाव, अक्कलकुव्यातून नाशिकला यायचं तर जायला एक दिवस आणि यायला एक. सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जातात, म्हणजे त्यांच्या यंत्राची नोंद दुसऱ्या राज्यात. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, बरोबर मुलगा किंवा सून लागते, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. बरं वाटत असताना एवढा खर्च करून कोण येईल? “नियमित तपासणीला या” असं डिस्चार्ज कार्डावर लिहून आपली जबाबदारी संपते, असं मला वाटत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी आहे: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी पेसमेकर तपासणी ओपीडी सुरू करा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. ईसीजी मशीन असलेली एक खोली, एक फिजिशियन, प्रशिक्षण घेतलेला एक तंत्रज्ञ आणि राज्यात ज्या कंपन्यांची यंत्रं बसतात त्यांचे प्रोग्रॅमर, एवढंच लागतं. प्रोग्रॅमर विकतही घ्यावे लागू नयेत. सरकारी योजनेतून ज्यांची यंत्रं बसतात त्या कंपन्यांना खरेदीच्या अटींमध्येच सांगा, की आपापला प्रोग्रॅमर जिल्ह्यात ठेवायचा आणि आमच्या तंत्रज्ञांना तो वापरायला शिकवायचा. राज्य हे मोठं गिऱ्हाईक आहे. मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की ती पाळली जाते. आणि यंत्राची आयुष्यभराची तपासणी व बॅटरी संपल्यावर ते बदलणं, हे योजनेच्या कागदात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असू द्या, म्हणजे रुग्णाला दर वेळी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलापाशी उभं राहून विचारावं लागणार नाही.

त्याच्याही खालच्या पातळीवर एक उपाय आहे, जो ग्रामीण रुग्णालयात उद्यापासून होऊ शकतो. गोल, मधे भोक असलेलं एक चुंबक मिळतं. ते पेसमेकरवर ठेवलं की बहुतेक यंत्रं ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतात, आणि ही गती बॅटरी चांगली असताना एक व उतरल्यावर दुसरी, कमी अशी असते. प्रत्येक कंपनीची गती वेगळी, म्हणून शेजारी भिंतीवर एक तक्ता लावायचा. चुंबक ठेवायचं, ईसीजीची पट्टी काढायची, तक्त्याशी ताडून बघायची. यात शंका आली तरच रुग्णाला पुढे पाठवायचं. आशाताईंच्या यादीत जशा गरोदर बाया असतात, रक्तदाबाचे रुग्ण असतात, तशी गावात छातीत यंत्र असलेली दोन-चार माणसं असतात. त्यांना वर्षातून एकदा या चुंबकापर्यंत आणलं तर विहिरीवर पडणारे आजोबा पडण्याआधी सापडतील. हे पूर्ण तपासणीला पर्याय नाही. पण आज गावाच्या पातळीवर काहीच होत नाही.

मोठ्या खासगी रुग्णालयांत रिमोट मॉनिटरिंगची सोय काही रुग्णांना मिळते. उशाशी ठेवलेलं छोटं यंत्र किंवा मोबाइल ॲप छातीतल्या यंत्राची माहिती थेट डॉक्टरांकडे पाठवतं. दुर्गम भागासाठीच खरं तर हे तंत्रज्ञान आहे, आणि आपल्याकडे ते सर्वांत कमी तिथेच पोचलंय. नव्या खरेदीत याचाही विचार व्हावा.

आता आयसीडीबद्दल. लोक त्यालाही पेसमेकरच म्हणतात, कधी कधी आपले डिस्चार्ज पेपरसुद्धा. पण त्याचं काम निराळं आहे. हार्ट ॲटॅकनंतर ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद पस्तीस टक्क्यांवर किंवा त्याखाली आली, किंवा ज्यांना जन्मजात काही आजार आहे, त्यांच्या खालच्या कप्प्यांत कधीही वेगाचं वादळ उठू शकतं. व्हेन्ट्रिक्युलर टॅकिकार्डिया, किंवा त्याहून वाईट म्हणजे फिब्रिलेशन. मग रक्त पुढे जातच नाही आणि माणूस काही मिनिटांत जातो. आयसीडी हे ओळखतो, आधी जलद ठोके देऊन वादळ मोडून बघतो आणि नाहीच जमलं तर आतूनच शॉक देतो. आपला एक मित्र असाच अचानक गेला म्हणून मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांनी ही कल्पना मनावर घेतली, अनेकांनी वेड्यात काढलं तरी सोडली नाही, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिला आयसीडी माणसाला बसला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर कोसळलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन जगाने टीव्हीवर पाहिला. त्याला मैदानावर बाहेरून शॉक देऊन वाचवलं, नंतर आयसीडी बसवला, आणि तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला.

आपल्या रुग्णाला मात्र पहिला शॉक बसतो तो शेतात, बाजारात किंवा झोपेत. छातीत आतून दणका बसतो, माणूस ओरडतो, घरचे घाबरतात. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टरही घाबरतात, कारण त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. नियम तसे सोपे आहेत. एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तपासणी. पाठोपाठ दोन-तीन बसले, किंवा एकानंतरही बरं वाटत नसेल, तर ताबडतोब १०८. बेशुद्ध पडून श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची; दाबणाऱ्याला यंत्राच्या शॉकने फार तर झिणझिणी येते, इजा होत नाही. बाहेरून शॉक द्यायची वेळ आली तर पॅड यंत्राच्या थेट वर लावायचा नाही. एवढा मजकूर एका पानावर मावतो. ते पान मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक १०८ मध्ये असावं. गडचिरोलीत ते गोंडीत आणि सातपुड्यात भिलोरी-पावरीत तोंडी सांगायला आशाताई आहेत.

विजेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण तिचा संबंध आपल्या गावांशी फार आहे. अर्थिंग नीट नसलेला पंप, ओल्या भिंतीतून येणारा करंट, धुण्याचं मशीन, गिझर. निरोगी माणसाला ज्याची जेमतेम चुणचुण जाणवते, अशी गळती आयसीडीच्या लीडला हृदयातलं वादळ वाटू शकते आणि यंत्र कारण नसताना शॉक देतं. शॉक बसलेल्या रुग्णाला आम्ही औषधं विचारतो तसंच घरातल्या अर्थिंगचंही विचारायला हवं. आयसीडी बसवलेल्या घराची वायरिंग महावितरणच्या माणसाने एकदा येऊन बघावी, अशी सोय दोन खात्यांनी बोलून करता येईल. इंडक्शनची शेगडी दोन फुटांवर, मोबाइल यंत्रापासून वीतभर लांब आणि वरच्या खिशात नको, वेल्डिंगचं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हे सांगणंही त्यातच आलं. आणि उलट बाजूने, मिक्सर, टीव्ही, फ्रिज यांना घाबरू नका हेही सांगायला हवं. भीतीपोटी स्वयंपाकघरात जायचं बंद केलेल्या बायका मी पाहिल्यात.

यानंतरचा मुद्दा लिहायला जड जातो, पण तो टाळणार नाही. आयसीडी असलेला माणूसही एक दिवस मरणार असतो. कॅन्सरने, मूत्रपिंडं थकून, किंवा हृदयच पूर्ण दमून. शेवटच्या दिवसांत हृदयाची लय बिघडते आणि यंत्र आपलं काम करत राहतं: शॉक, पुन्हा शॉक. घरी खाटेवर, नातवंडांसमोर. हे थांबवता येतं. प्रोग्रॅमरने शॉक देण्याचा भाग मिनिटभरात बंद होतो, दुखत नाही, त्याने लगेच मृत्यूही येत नाही, आणि पेसमेकरसारखे ठोके देण्याचं काम तसंच चालू राहतं. प्रोग्रॅमर पोचेपर्यंत तेच गोल चुंबक यंत्रावर चिकटपट्टीने लावून ठेवलं तरी बहुतेक यंत्रांत शॉक थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. तरीही शॉक बंद करायचा का, हा प्रश्न रुग्णाला शुद्धीत असताना विचारणारे डॉक्टर मला फार थोडे भेटले. बसवतानाच्या संमतिपत्रात याबद्दल दोन ओळी असाव्यात. ज्या जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी काळजी) कक्ष आहेत, तिथे चुंबक आणि ते कधी वापरायचं याचं प्रशिक्षण असावं. रुग्णाला घाबरवायचं नाही म्हणून आपण बोलत नाही, आणि मग घाबरण्याची वेळ घरच्यांवर येते.

मृत्यूनंतरचंही पाहायला हवं. बंद भट्टीत, मग ती विजेची असो की गॅसची, यंत्राची लिथियम बॅटरी फुटते. ब्रिटनमध्ये १९७६ मध्येच दहनाच्या वेळी पेसमेकरचा स्फोट झाल्याचं नोंदवलं गेलं आणि तेव्हापासून तिथे दहनाआधी यंत्र काढण्याचा प्रघात आहे. आपल्या शहरांत विद्युत आणि गॅस दाहिन्या वाढतायत, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला आत काय आहे हे कुणी सांगत नाही. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यासोबत ‘शरीरात पेसमेकर किंवा आयसीडी आहे का’ असा एक रकाना वाढवा आणि यंत्र काढण्याची जबाबदारी रुग्णालयावर ठेवा. आयसीडी असेल तर आधी शॉक बंद करायचा आणि मगच हात लावायचा, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसेल.

काढलेल्या यंत्रांचं काय, हा प्रश्न मला नातेवाइकांनी अनेकदा विचारलाय: “याची बॅटरी अजून आहे ना ताई, कुणा गरिबाला द्या ना.” निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत काढलेले आयसीडी मुंबईत गरजू रुग्णांना बसवल्याचा अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातून लॅटिन अमेरिकेतल्या हजारावर रुग्णांना दिलेल्या यंत्रांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात दोन वर्षांतला संसर्ग २ टक्के आणि नवी यंत्रं बसलेल्यांत १.२ टक्के होता, आणि हा फरक संख्याशास्त्राने सिद्ध होण्याइतका नव्हता. कायद्याने ही यंत्रं एकदाच वापरायची म्हणून विकली जातात, त्यामुळे कुणी आपल्या मनाने हे करू नये, असंच मी नातेवाइकांना सांगत आले. पण ज्यांना योजनेतूनही आयसीडी परवडत नाही अशांसाठी राज्याने तज्ज्ञांची समिती नेमून, केंद्राशी बोलून, एकदा स्पष्ट भूमिका घ्यावी.

शेवटची मागणी नोंदवहीची. २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने आयसीडीची स्प्रिंट फिडेलिस नावाची लीड तुटण्याच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतली, तेव्हा जगभर अडीच लाखांहून अधिक लोकांना ती बसलेली होती. उद्या असं पुन्हा झालं, तर पालघरच्या किंवा हिंगोलीच्या कोणत्या घरात ते मॉडेल आहे हे आपण किती दिवसांत सांगू शकू? यंत्राच्या खोक्यातली स्टिकर आम्ही केसपेपरवर चिकटवतो. केसपेपर रेकॉर्ड रूमला जातो. तिथून तो परत काढायला काय लागतं, हे सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही विचारा. सरकारी असो की खासगी, राज्यात बसणाऱ्या प्रत्येक यंत्राची आणि लीडची नोंद एका ठिकाणी हवी, रुग्णाच्या चालू फोन नंबरसह. त्याच नोंदीतून तपासणीच्या तारखेचा मराठी संदेश जाऊ शकेल आणि बॅटरी संपत आलेल्यांची यादी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर दर तिमाहीला येऊ शकेल.

सगळं एकदम होणार नाही, हे नोकरीत राहिलेल्या माणसाला समजतं. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग आणि हिंगोली या चार जिल्ह्यांपासून सुरुवात करावी, कारण तिथल्या रुग्णाला आज सर्वांत लांब जावं लागतं. चुंबक आणि मराठी पान यांना तर निविदेचीही गरज नाही. या आर्थिक वर्षात ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जाऊ शकतं. तंत्रज्ञांना शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक राज्यभर आहेत. मी स्वतः मानधनाशिवाय यायला तयार आहे, आपल्या कार्यालयाने फक्त तारीख आणि जिल्हा कळवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्डिॲक तंत्रज्ञ